खडीच्या ढिगावरची टिटवी

हजीऱ्याच्या रस्त्याच्या कामावर मी देखरेखीला असताना माझ्या वहीत रोज सकाळी यादी असायची: खडी, डांबर, रोलर, पाणी, माणसं आणि शेवटी अडथळे. त्या उन्हाळ्यात एका सकाळी 'अडथळे' या शब्दापुढे मी 'नाहीत' लिहून टाकलं, तेही जीपमधून न उतरता.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर काम बंद. खानदेशातून येऊन गोडादऱ्याच्या वस्तीत राहिलेली आमची मुकादमबाई खडीच्या ढिगापाशी घमेलं उपडं घालून त्यावर बसलेली. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती.

"ताई, आठे टिटवीना अंडा शेतस. हात लावानं नही."

"अहो, पावसाआधी रस्ता झाला नाही तर साहेब मलाच इथे पसरतील!"

"मंग तुम्हीच उचला ढीग."

बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी वाकून पाहिलं. तिनं बोट दाखवेपर्यंत मला चारही अंडी खडीच वाटत होती.

मी वही उघडली. पुढच्या महिन्यातलं रस्त्याखालच्या मोरीचे पाइप बसवायचं काम आधी घेतलं, ढिगाभोवती दोरी बांधली आणि 'नाहीत' खोडून 'टिटवी, अंडी चार' लिहिलं. मग बाया हसत कामाला लागल्या.

तीन आठवड्यांनी आमचे गुजराती साहेब आले. दोरी पाहून थबकले.

"बेन, आ शुं छे?"

मी वही पुढे केली. त्यांनी ती ओळ वाचली आणि खो खो हसले. "आनी हाजरी पण भरो छो?" त्यांनी टिटवीकडे बोट दाखवलं. मग घड्याळ पाहत म्हणाले, "सोमवारी रोलर फिरणार. त्यापुढे एक दिवस नाही."

रविवारी संध्याकाळपर्यंत अंडी तशीच होती. सोमवारी मी रोलरच्या आधी पोचले. मुकादमबाई माझ्याही आधी आलेली. दोरीच्या आत नुसती खडी. मी वाकून खडीत अंडी शोधू लागले.

"तठे नही, आठे दखा!"

नव्या मोरीच्या कडेनं, काड्यांसारख्या पायांवर, कापसाचे चार बोळे खाडीकडच्या गवतात निघाले होते. पुढे आई, ओरडत.

मी वहीतल्या टिटवीच्या ओळीवर खूण केली. त्यानंतर कितीतरी रस्ते केले, पण 'अडथळे' ही ओळ पायी फिरल्याशिवाय कधी भरली नाही.

त्या सकाळी रोलर आला. मुकादमबाईनं स्वतःच दोरी सोडली आणि घमेलं माझ्या हातात दिलं.

"चाला ताई, आते तुम्हीबी उचला."