रुपरावांच्या हातची चांदी

धंतोलीतल्या विश्वनाथ डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यात रुपराव नावाला कंपाउंडर होते, पण पेशंट त्यांना मान द्यायचे तो डॉक्टरांइतकाच. किडलेला दात डॉक्टर कोरायचे आणि त्यात भरायची चांदी रुपराव बनवायचे. चांदीची भुकटी आणि पारा खलात घोटायचा, मऊ गोळा झाला की डाव्या तळव्यावर घेऊन अंगठ्याने मळायचा. ही मळणी डॉक्टरांनीच शिकवली होती, पण चेला गुरूच्याही पुढे गेला. "माह्या हातची चांदी मानसासंगच सरणावर जाते," असं ते छाती फुगवून सांगत. पुरावा काय, तर सतरा वर्षांत एकही माणूस तक्रार घेऊन परत आला नव्हता. पुसदचा नाही, आर्वीचा नाही, गोंदियाचाही नाही.

१९७६च्या उन्हाळ्यात डॉक्टर वारले आणि दवाखाना त्यांच्या मुलीकडे, चारुशीलाकडे आला. ती नुकतीच शिकून आलेली. पहिल्याच आठवड्यात तिने रुपरावांना टोकलं.

"काका, हातावर मळू नका. तळव्याचा घाम त्यात जातो. मग चांदी दातात बसल्यावर फुगते, तिचे काठ तुटतात, फटीत लाळ जाते आणि ती गंजते."

मे महिना होता. पंख्याखाली उभं राहूनही रुपरावांचा तळवा ओला होता. तो त्यांनी धोतराला पुसला आणि ते उखडले. जिला यांनी कडेवर खेळवलं, ती आता यांना अक्कल शिकवणार!

"चांदी कधी गंजते का, ताई? लोखंड हाय का थे?"

"मग तुम्ही भरलेला एक जुना दात मला दाखवा. चांगला निघाला तर मळा खुशाल. नाही तर उद्यापासून खल माझ्याकडे."

सतरा वर्षांची इज्जत पणाला लागली. जुने पेशंट तर गावोगाव पांगलेले. पण काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? त्यांची बायको सुभद्रा, तिची उजवी दाढ त्यांच्याच चांदीने भरलेली होती, तीही नऊ वर्षांपूर्वीच्या ऐन वैशाखात. घरी ती भाकर वरणात भिजवून खायची, त्यावरून रुपराव तिला 'बोळकी म्हातारी' म्हणून चारचौघांत चिडवायचे. बाकी दातांचा विषय घरात कधी निघाला नाही.

दवाखान्यात चल म्हटल्यावर सुभद्राबाई म्हणाल्या, पापड टाकायचे आहेत. मग म्हणाल्या, डोकं दुखतंय.

"तोंड तर उघडाचं हाय वं," रुपराव हसले. "तुले काय फाशी देऊन राहिलो का मी?"

रिक्षात घालून नेलंच. खुर्चीत बसल्यावरही बाईंचे ओठ मिटलेले होते. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं.

चारुशीलाने आरसा आत धरला आणि दिवा जवळ ओढला. रुपरावांना धीर धरवेना. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं. चांदी काळीठिक्कर पडून दाढेतून वर उचकून आली होती. बाजूची भिंत फुटलेली, खाली सगळं पोखरलेलं. फटीत लवंगेचा तुकडा खोचलेला होता.

"दाढ काढावी लागेल, काकू," चारुशीला हळूच म्हणाली.

"कधीपासून दुखते?" रुपरावांनी विचारलं.

"सात वर्सं झाले असन."

"अन् काहून नाही सांगितलं वं मले?"

"तुमच्या हातची होती ना. तुमी साऱ्या मोहल्ल्यात मिरवून राहिले होते. मी कोन्या तोंडानं सांगू?"

रुपराव स्टुलावर बसले. घरातली बाई बोलली नाही, तर पुसदचा माणूस दोन बस बदलून काय सांगायला येणार होता? त्याने गावातच दाढ उपटून घेतली असेल आणि नशिबाला बोल लावला असेल. मुकाट सोसणाऱ्या माणसांना त्यांनी सतरा वर्षं बरं झालेलं धरलं होतं. ती किती होती, कुठे होती, आता कुणाकुणाच्या पाया पडायचं? भर दुपारी, पेशंटांदेखत, ते ढसाढसा रडले.

दाढ निघाली. संध्याकाळी घरी रुपरावांनी बायकोचं ताट वाढलं, वरण ओतलं आणि भाकर कुस्करायला हात पुढे केला. तळवा ओला लागला. त्यांनी तो धोतराला पुसला, पुन्हा पुसला. मग ताट तिच्यापुढे सरकवलं.

"तूच कुस्कर वं," ते म्हणाले. "माह्या हातानं नको."