डॉक्टरांची पाठ

वटारपासून बोळिंजपर्यंत मी पुष्कळ हट्टी रोगी पाहिले, पण स्वतःच्या तब्येतीशी इतक्या निष्ठेने वैर धरलेला माणूस एकच, आमचे डॉक्टर. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास मी गिरीजला त्यांच्याकडे कंपाउंडर होतो. मी मिक्श्चरच्या बाटल्यांवर डोसांच्या कागदी पट्ट्या चिकटवायचो आणि डॉक्टर लोकांना जगण्याची शिस्त लावायचे. विडी सोडा, वेळेवर जेवा, पाणी उकळून प्या. हे सांगताना स्वतःची पेटती विडी ते टेबलाखाली धरत, त्यामुळे रोग्याला उपदेश आणि धूर एकदमच मिळे. दुपारचा डबा संध्याकाळी जसाच्या तसा घरी परत जाई. एकदा एका वाडीत रहाटाचं पाणी ओंजळीने पिताना मासळी विकायला आलेल्या अर्नाळ्याच्या कोळणीने त्यांना पकडलं.

"डाक्टर, मना सांगतंस पानी उकलून पी, नि तू काय करतंस?"

"मी तपासून पितो," डॉक्टर म्हणाले आणि ती पुढे काही विचारायच्या आत सायकलवर बसून पसार झाले.

खोकल्याला मात्र असं टाळता येईना. पहिल्या वर्षी तो धुळीचा होता, दुसऱ्या वर्षी हवेचा. तिसऱ्या वर्षी सदरे अंगावर लोंबायला लागले तेव्हा धोबी कापड ताणतो म्हणून त्यांनी धोबीच बदलला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, रोज विनवण्या करत. ते हसून विषय बदलत.

एका सकाळी बाहेर रोगी ताटकळत असताना त्यांनी दार लोटलं, सदरा काढला आणि तपासायची नळी माझ्या हातात दिली. "छाती माझी मी ऐकतो, पाठीला हात पोचत नाही. तू ऐक. साफ नसेल तर उद्याच मुंबईला जातो."

काय ऐकायचं ते त्यांनीच मला शिकवलं होतं. कानाजवळ केस चोळल्यावर होते तशी बारीक चरचर. उजव्या खांद्याखाली ती स्पष्ट होती. मी दोनदा ऐकली. पण ज्यांच्या पुढ्यात मी कधी बसलो नाही, त्यांना क्षय झालाय हे मी सातवी पास माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं? 

"साफ आहे," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटत होतं," असं म्हणत त्यांनी सदरा चढवला. त्या दिवशी ते फार खुशीत होते. दोन रोग्यांना तर ते विडीबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

वर्षही निघालं नाही. दिवसकार्य झाल्यावर मी बाईंना भेटायला गेलो. त्या रडल्या नाहीत, उलट माझंच कौतुक करत बसल्या. "मी मुंबईचं नाव काढलं की म्हणायचे, कशाला? आपल्या कंपाउंडरने तपासलंय, त्याचा कान माझ्याहून तयार आहे."

मी चहा तसाच टाकून उठलो. इतका विश्वास माझ्यावर पुन्हा कुणी टाकला नाही, आणि कुणी टाकू नये असंच मला वाटतं.