मार्कस एका पायावर

जेवण झालं की मी दिवाणावर जरा आडवी होते. पंख्याचा आवाज जवळ येतो, लांब जातो, आणि हातातला पेपर छातीवर कधी पडतो ते कळत नाही.

आज डोळे मिटते तर हे खाली सतरंजीवर बसलेले. दुखरा गुडघा लांब सोडलेला, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट. गेल्यावर तरी माणसाने खुर्चीत बसावं, पण ऐकतील तर ना.

"अहो, गुडघा."

"आता दुखत नाही," हे म्हणतात.

टीव्हीवर बिग मार्कस आहे. अमेरिकेतला नावाजलेला बास्केटबॉलपटू, सात फुटी धूड, आणि या जुन्या गेममध्ये चेंडू सोडून सगळ्यांना लाथा घालत सुटलेला. कॅसेट मुलासाठी आणली होती, पण मुलाचा नंबर कधी लागलाच नाही. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवून हे रिटायर झाले आणि रोज दुपारी मार्कसला झापायला लागले, "अरे गाढवा, चेंडूला हात तर लाव."

गेम मधूनच राखून ठेवायची सोय त्यात नाही. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हे पॉज करून टीव्ही बंद करायचे, मशीन तसंच चालू ठेवून त्यावर पंचा टाकायचे. दिवे गेले तर पंचाईत नको म्हणून इन्व्हर्टरला जोडून घेतलं होतं. शेवटच्या राक्षसाशी गाठ पडली त्याच दुपारी छातीत कळ आली. रिक्षात बसताना म्हणाले, "आलोच मी. बंद करू नकोस." सात महिने झाले, मी बंद केलेलं नाही.

सतरंजी संपते तिथे शाळेचं मैदान सुरू होतं. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, आणि मधोमध मार्कस, लाथ मारायला उचललेला पाय तसाच हवेत. यांच्या गळ्यात शिट्टी.

"सात महिने एका पायावर," हे म्हणतात. "एखाद्या पोराला मी अशी शिक्षा केली असती तर हेडमास्तरांनी मलाच घरी बसवलं असतं. बंद कर गं, कुमुद."

"तुम्ही येतो म्हणाला होतात."

"घरातून निघताना जातो म्हणतं का कुणी? दूध आणायला गेलो तरी येतोच म्हणायचो."

मला रडू येतं आणि रागही येतो. "तुमचे कपडे वाटले. चष्मा मुलाने नेला. तुम्ही अर्धवट ठेवलेलं एवढं एकच माझ्याकडे आहे."

"मग पुरं कर."

"मला जमत नाही. मी हरेन."

"हरू दे की त्याला. पाय तरी खाली टेकेल."

मैदानावर आता दवाखान्याचा हिरवा पडदा लागला आहे. हे कॉटवर पडून आहेत. त्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा यांचा हात गार पडला होता. सात महिने तेच मनात सलतं आहे.

"आणि मी काय करू दिवसभर?" मी विचारते.

हे नुसता हात पुढे करतात. मी धरते. गरम आहे, नेहमीसारखा.

"चल, येतो," म्हणतात, आणि स्वतःच हसतात.

जाग येते तेव्हा मी टीव्हीसमोर सतरंजीवर बसलेली आहे. मुठीत मशीनचा अडॅप्टर, वायरीसकट सॉकेटमधून उपटलेला. सात महिने सतत चालू होता, अजून चांगला गरम आहे. मी तो दोन्ही हातांत घेते. चहाची वेळ टळून जाते. तो हळूहळू गार होतो, आणि पुरता गार होईपर्यंत मी सोडत नाही.