मिस्त्रीचाचांच्या कागदावरचा एक शब्द

कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मी तपासणीला होते, तरी सगळ्यांचा भरवसा माझ्या यंत्रांपेक्षा मिस्त्रीचाचांच्या बोटांवर होता. लोखंडी भागावरून ते अंगठा फिरवत आणि म्हणत, "ताई, ह्येला चरा हाय. यंत्र लावून बघा की." मी लावायचे. चरा असायचाच.

पुढे त्यांना भाग धुण्याच्या खोलीत बसवलं. वंगण निघावं म्हणून ते भाग बिनरंगाच्या द्रावणात बुडवायचे आणि उघड्या हातांनी पुसायचे. खोलीला खिडकी नव्हती. धुतलेले भाग न्यायला मी रोज त्या दारात जात होते. वासानं डोकं धरायचं, मी भाग उचलून निघायचे. त्याचा राग मला माझ्यावरही आहे.

आधी त्यांच्या पायांना मुंग्या आल्या. मग चालताना चप्पल निसटलेली कळेना. एके दिवशी भागाच्या धारेला बोट कापलं, फडकं लाल झालं, तरी ते पुसतच होते. मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, ते बोट दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

गल्लीतले म्हणाले, साखर असेल. तपासली, नव्हती. जीवनसत्त्व कमी असेल, तेही नव्हतं. महारोगाच्या संशयानं एका शेजारणीनं त्यांचा कप वेगळा ठेवला. कंपनीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं बघून लिहिलं, 'मद्यपानामुळे नसांना इजा', आणि त्या कागदावर चाचांना घरी बसवलं. जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाला.

मी त्यांना शाहूपुरीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलंच विचारलं, "काम काय करता?" तोवर हे एकानंही विचारलं नव्हतं. त्यांनी द्रावणाचं नाव मागवलं, नसांची तपासणी करवली आणि म्हणाले, "वाफेनं नसा मारल्यात. हळूहळू सुधारतील. पण सगळं परत येईलच असं नाही."

तो अहवाल घेऊन आम्ही मॅनेजरसाहेबांपुढे उभे राहिलो. साहेब म्हणाले, "गेटवर बसायचं काम देतो, विषय वाढवू नका."

"काम ऱ्हाऊ द्या सायेब," चाचा म्हणाले. "त्यो दारूचा शब्द तेवढा खोडा. नातवानं वाचला तर काय सांगू?"

"एका शब्दानं काय होतंय, चाचा?"

"काय हुईत न्हाई, तर मग खोडायला का जमंना?"

कामगार कचेरीत अर्ज दिला, मी लेखी साक्ष दिली. कित्येक महिन्यांनी शब्द खोडला गेला. आणि कंपनीनं काय केलं? धुण्याचं काम ठेकेदाराला देऊन टाकलं. रस्त्यापलीकडच्या बंद शेडमध्ये आता तेच द्रावण घेऊन तीन बायका बसत होत्या.

निपाणीला लेकीकडे कायमचं जाण्याआधी चाचा काठी टेकत तिथं गेले. मी बरोबर होते. त्यांनी आपली बोटं पुढे धरली. "पायाला मुंग्या आल्या की साखरंवर ढकलू नगासा. डाक्टरला आधी काम सांगायचं."

एक बाई उठली, तिनं दार सताड उघडून विटेनं अडवलं. ठेकेदार धावत आला. "दार लावा, मालावर धूळ बसती."

चाचा उंबऱ्यातच बसले. म्हणाले, "बसू दे. धूळ पुसता येती."