राणीचा चौदावा महिना

शमीमबाजी टाइप करताना पडद्याकडे बघतच नसत. डावीकडे माझं हस्तलिखित, उजवीकडे शिसपेन्सिल, ओठ पुटपुटत असलेले आणि बोटं आपली धावत असलेली. मध्येच बोटं थांबायची. मग बाजी पेन्सिल उचलून समासात एक छोटा रिकामा गोल काढायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. गोल म्हणजे शुद्धलेखनाची चूक नव्हे. ती त्या न विचारता दुरुस्त करत. गोल म्हणजे बाजींना लेखकाशी बोलायचं आहे. या गोलांना मी फार भीत असे.

यवतमाळच्या बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांच्या भावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यातल्या एका कोपऱ्यात बाजींचा संगणक. बाजी म्हणजे ताई, गल्लीत सगळे त्यांना तसंच म्हणत. नवरा लोहाऱ्याच्या एका कारखान्यात फिटर. लोकांचे अर्ज, प्रबंध, लग्नपत्रिका टाइप करता करता बाजींचं लेखी मराठी माझ्या वर्गातल्या कित्येक पोरांपेक्षा चोख झालं होतं. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. दहा वर्षं खपून पहिली कादंबरी लिहिली होती. एका लहानशा गढीचा राजा, तिला पडलेला वर्षभराचा वेढा आणि शेवटी विजय. प्रकाशकाला दिवाळीआधी पुस्तक हवं होतं. माझं अक्षर भयंकर, ते लागायचं फक्त बाजींना.

काम संपत आलं तेव्हा एका दुपारी बाजींनी खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"सर, एक विचारू? राग नका मानू. तुमची राणी बाळंत कवा होनार जी?"

"होते की! शेवटून दुसऱ्या प्रकरणात. मुलगा होतो."

"होते, पन तिनं बातमी सांगतली दसऱ्याले. पोरगं होते पुढच्या सालच्या मार्गशीर्षात. मी मोजून राह्यली न सर. चौदा महिने झाले बाप्पा! आन अकराव्या महिन्यात तुम्ही तिले घोड्यावर बसवलं."

माझे कान तापले. तोफेचा गोळा किती शेराचा, हे मी तीन ठिकाणी ताडून पाहिलं होतं. कोणत्या लढाईच्या दिवशी कोणती तिथी, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण बाईचे महिने मोजावेत, हे काही डोक्यात आलं नव्हतं. चूक उघडी पडली की माणूस चिडतो, तसा मी चिडलो. म्हटलं, "अहो, वाचकांचं लक्ष वेढ्याकडे असतं. राणीचे महिने कोण मोजत बसतंय?"

"मी मोजले न. मंग मी कोन आहो?"

एवढं बोलून त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे उलगडला. जिथं जिथं राणी, तिथं तिथं गोल. "हे पहा. इथं आरती घेऊन दारात उभी. इथं खिडकीत उभी. इथं रडून राह्यली. वर्षभर गढी बंद होती, तर इतक्या मानसायले रांधून कोन घालत होतं? आन तिचं नाव काय जी? सगळीकडे नुसतं राणीसाहेब. घोड्याले तं नाव देल्लं तुम्ही!"

आता मात्र हद्द झाली. मी गठ्ठा काखोटीला मारला आणि तडक घरी आलो. घडलेलं बायकोला सांगितलं, तर तिची सहानुभूती राहिली बाजूला, ती हसून हसून बेजार. डोळे पुसत म्हणाली, "नवव्या महिन्याच्या वर चार दिवस गेले तर जीव कसा टांगणीला लागतो, ते तुम्हांला काय ठाऊक!" आठ दिवस मी धुसफुसत काढले. नवव्या दिवशी मुकाट्याने गठ्ठा घेऊन पुन्हा दुकानाची पायरी चढलो. जिंकल्याचा आव आणणं बाजींच्या स्वभावातच नव्हतं. "या सर, बसा. चा सांगू?" बस्स, इतकंच.

बाजींची आई बाभुळगावकडच्या खेड्यांमधून दाईचं काम करायची. बाजी सांगू लागल्या आणि मी वही काढून लिहू लागलो. "अम्मी आत गेली का पयले रडनाऱ्या बायायले भाईर काढे. मंग त्या बाईले विचारे, तुयं नाव सांग. सुनबाई-गिनबाई आत नाही चालत. कळा लय झाल्या का बाई हरवते सर. तवा तिले तिच्याच नावानं हाक मारा लागते. सासरी तं कोनी मारतच नाही."

त्यातून नवं प्रकरण झालं. वेढ्यात दाणागोटा पुरवणारी, दाईला आपलं नाव सांगणारी राणी उभी राहिली. तिचं नाव गंगा. दिवाळी हुकली. "ऐतिहासिक कादंबरीत बाळंतपण कोण वाचणार?" असं म्हणून प्रकाशकाने हात वर केले होते, पण मी अडून बसलो. पुस्तक एक वर्ष उशिरा निघालं आणि लोकांनी नेमकं तेच प्रकरण डोक्यावर घेतलं.

यवतमाळात सत्कार झाला. सभागृहात एका मुलीने उठून विचारलं, "सर, बाईच्या मनातलं इतकं तुम्हांला कसं कळलं?" मी चष्मा सारखा केला आणि म्हणालो, "अभ्यास." टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत ठेवणीतली ओढणी घेऊन बाजी बसल्या होत्या, त्याही टाळ्या वाजवत होत्या. घरी येऊन मी पुस्तकाचं ऋणनिर्देशाचं पान उघडलं. अकरा नावं होती. त्यात बाजी नव्हत्या. आणि ते पान टाइप कोणी केलं होतं? त्यांनीच! मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच गेलो. "बाजी, फार चुकलं माझं. पण तुम्ही बोलला का नाहीत?"

त्या लग्नपत्रिका टाइप करत होत्या. हात थांबवले नाहीत. "राणीसाठी बोलली सर, तिले बिचारीले तोंड नोतं. माह्यासाठी कायले बोलू? म्हनलं, पाहू, सरच्या ध्यानात येते का."

नव्हतं आलं.

दुसरी आवृत्ती निघेपर्यंत बाजी राहिल्या नाहीत. पावसाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं. नव्या ऋणनिर्देशात पहिलं नाव त्यांचं घालायचं ठरवलं, पेन उचललं आणि 'शमीम' या शब्दापाशी थांबलो. पुढे काय? शेवटी त्यांच्या घरी गेलो. दोन वर्षं जिच्याशेजारी बसलो, त्या बाईचं पूर्ण नाव तिच्या नवऱ्याने सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं.