कडक नाकाची गोळी

लढाई संपून मी गावी परतलो, तोवर आई-वडील दोघंही गेले होते. कडेगावाजवळच्या घरात मी एकटाच. सहा वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाशी काय बोलायचं ते गावाला कळेना, आणि मला तरी कुठं कळत होतं? मी पारावर गेलो की गप्पा थांबत, मग एकेक जण उठून जाई. मी मुळातच तिरसट. वाटायचं, गेलात उडत. पण चुलीपुढं एकट्यापुरती भाकरी थापताना रडू यायचं, हे आज कबूल करतो.

फक्त एक म्हातारा यायचा, वडिलांचा शिकारीतला जोडीदार. त्याला मी तात्या म्हणायचो. त्या हिवाळ्यात रानडुकरांनी उसाचा पार चोथा केला. गुऱ्हाळं लागायची होती. तेव्हा पहिल्यांदा पाच-सहा जण माझ्या दारात आले. वडिलांची रायफल आणि परवाना माझ्याकडं आला होता. "मोठं सुळ्याचं तेवढं पाडा. लय नासधूस केलीया त्येनं," ते म्हणाले. मला आभाळ ठेंगणं झालं. ते डुक्कर पडलं तर गाव मला आपला म्हणेल, एवढंच डोक्यात बसलं.

काडतुसं घ्यायला तात्याला घेऊन सांगलीला गेलो. दुकानदारानं दोन प्रकारची पुढं ठेवली. एक जड, टोकाला उघडं शिसं असलेली, मऊ नाकाची. दुसरी हलकी, टोकदार, पुरती धातूनं मढवलेली, पलटणीतल्यासारखी.

"मऊ नाकाची घे रं," तात्या म्हणाला. "आत जाऊन फुलती, जनावर जाग्याला बसतंय. कडक गोळी आरपार जाती. जनावराला कळत बी न्हाई आपण मेलोय."

"आवं तात्या, ओढ्यापल्याड मारायचं हाय. अडीचशे पावलांवर ही जड गोळी खाली पडंल. टोकदार सरळ जाती."

तो पुन्हा काही सांगायला लागला, तर दुकानदारादेखत मी म्हणालो, "तुमाला काय कळतंय?" मी टोकदारच घेतली. पलटणीत गोळी लागली की माणूस पडतो, आणि पडलेल्याचं पुढं काय करायचं ते काम दुसऱ्याचं. माझी सगळी अक्कल तेवढ्यावरच उभी होती.

दोन दिवसांनी, उन्हं वर आल्यावर, डुक्कर ओढ्यापल्याड दिसलं. माझा नेम चुकला नाही. गोळी पुढच्या पायाच्या फऱ्यामागं लागलेली मी पाहिली, आणि मागच्या दरडीवर धुरळा उडालेलाही पाहिला. आरपार गेली होती. डुक्कर जरा दचकलं आणि पळत उसात शिरलं.

आमच्याकडं रिवाज असा, की ज्यानं जखमी केलं त्यानंच रक्ताच्या मागावर जायचं, बाकीच्यांनी बांधावर थांबायचं. मी निघालो, तर तात्या कुऱ्हाड घेऊन मागं.

"माघारी जावा," मी म्हटलं.

"तुज्या बाला बी कवा एकटं सोडलं न्हाई," तो म्हणाला आणि चालत राहिला.

डुक्कर पाचटात दबा धरून होतं. मी वळेपर्यंत तात्याची मांडी फाडून गेलं. दुसरी गोळी मी चार हातांवरून घातली, तेव्हा ते पडलं.

तात्याला बैलगाडीतून विट्याला आणि तिथून मोटारीनं मिरजेच्या दवाखान्यात नेलं. आठव्या दिवशी गावची मंडळी भेटायला आली. एकानं माझ्याकडं न बघता विचारलं, "ती कडक गोळी घ्यायची अक्कल कुणाची?"

"माजी," तात्या म्हणाला. "पोरगं मऊ मागत हुतं. म्याच हट्ट धरला."

मी पाण्याचं भांडं धरून खाटेपाशी उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. ते माझ्यानं झालं नाही. मंडळींचे चेहरे सैल झाले. एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज अजून जात नाही.

सगळे गेल्यावर तात्या भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "आता तुला समदी बोलावत्याल."

दोन दिवसांनी जखम चिघळून तो गेला. त्याच्या तेराव्याला मला पंगतीत मधोमध बसवलं. वाढणारा वाकून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नगंस गड्या, म्हाताऱ्याचीच चूक."

मी मान डोलावली आणि जेवलो.