जहाजासाठी ओवलेला हार

माझ्या लग्नात अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, संपतही आली, आणि भटजींनी डोळ्यांनीच विचारलं, हार कुठायत? हार नव्हते. आणायला गेलेले माझे सासरेही नव्हते. मुलीचे वडील सकाळचे विधी उरकून वसईजवळच्या वटार गावी आपल्या वाडीत परत गेले होते आणि तिथं बसून हार ओवत होते. भटजींनी आणखी एक मंगलाष्टक म्हटलं. मग वऱ्हाडातल्या एका बाईंनी स्वतः रचलेलं म्हटलं, तेही तालात बसेना. माझी आई साताऱ्याची, मुहूर्ताच्या बाबतीत भारी कडक. ती बाजूला उभी राहून दातओठ खात होती. एवढ्यात मांडवाशी टेंपो थांबला आणि केळीच्या पानात गुंडाळलेले हार घेऊन भाऊ, म्हणजे माझे सासरे, उतरले. घाई नाही, ओशाळलेपण नाही. जाता जाता आईला म्हणाले, "विहीणबाई, लेकीच्या लग्नात शिळा हार कसा घालू?"

आई पुढं कितीतरी दिवस त्यावर बोलत होती. मी मात्र तेव्हाच ओळखलं की या माणसाशी आपलं जमणं कठीण आहे.

भाऊ त्यांना सगळेच म्हणत, माझी बायको वैशालीसुद्धा. वाडीत सोनचाफा, मोगरा, कडेनं केळी. अंगानं काटकुळे, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, आणि बोटांना चाफ्याचा वास असा मुरलेला की जेवताना भातालाही यायचा. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत. त्यातलं मला निम्मं कळायचं नाही. माझ्याशी मात्र जावई म्हणून जरा सांभाळून, पुस्तकी मराठीत बोलत, आणि त्यामुळे त्यांचा हट्टसुद्धा फार सभ्य वाटायचा.

लग्नानंतर प्रथम राहायला गेलो तेव्हा पहाटे नाक्यावर फुलांचा टेंपो उभा दिसला. गावातल्या सगळ्या टोपल्या चढल्या होत्या. ड्रायव्हर दाराला टेकून तंबाखू मळत होता. मी विचारलं, "निघत का नाही?" तो म्हणाला, "भाऊंची टोपली यायचीय." हॉर्न नाही, हाका नाहीत. दादरच्या बाजारात व्यापारी आधी भाऊंचा चाफा मागत, म्हणून टेंपो थांबायचा. लग्नात हार त्यांचे, म्हणून मुहूर्त थांबायचा. शेजारच्या गावात चर्चचा सण असला की मूर्तीच्या गळ्यातला हार भाऊंकडून जायचा, आणि तो येईपर्यंत मिरवणूक बँडसकट उभी राहायची. माझ्या विरारच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तोरण यांच्याकडून येणार होतं. पूजा सांगायला आलेले गुरुजी तोवर लिफ्टपाशी उभे होते. असं आयुष्य गेलेल्या माणसाला उशीर म्हणजे काय हे कुठून कळणार?

कुठंही जायचं तर भाऊ त्याच दिवशी निघत. आदल्या रात्री मुक्कामाला जाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पहाटेची फुलांची तोड स्वतः करायची, पाणी सोडायचं, मग निघायचं. मी वाद घातला की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं. "जावईबापू, आदल्या दिवशी तोडलेलं फूल आणि आदल्या दिवशी निघालेला माणूस, दोघंही पोचेपर्यंत सुकतात." वर गालातल्या गालात हसायचे. मी ऑफिसला रोज अर्धा तास आधी पोचणारा माणूस. माझं डोकं फिरायचं.

सासूबाईंना, म्हणजे माईंना, काचबिंदू निघाला तेव्हा फार उशीर झाला होता. बाजूची नजर हळूहळू मिटत आली होती आणि त्या वर्षभर ते चष्म्यावर ढकलत होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही. थेंबांनी उरलेलं टिकवायचं, किती टिकेल ते सांगता येत नाही.  त्या रात्री भाकरी वाढताना माई एवढंच म्हणाल्या, "मला एकदा निळा समुद्र बघायचाय."

आमच्याकडचा समुद्र गढूळ. जन्मभर त्याची गाज ऐकत झोपलेल्या बाईनं निळं पाणी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. लक्षद्वीपचा कार्यक्रम लागला की त्या हातातलं काम ठेवून बघत. माईंनी कधी साडीसुद्धा मागून घेतली नव्हती. त्यामुळे हे मागणं आम्हा सगळ्यांना लागलं, आणि भाऊंना सगळ्यांत जास्त. दुसऱ्याच दिवशी ते वसईत एका एजंटाकडे जाऊन आले. कोचीहून लक्षद्वीपला जाणारं मोठं जहाज, चौघांची जागा, आणि मुंबईहून कोचीचं विमान. तिकिटं त्यांनी माझ्या हातात दिली. विमान सकाळचं, जहाज संध्याकाळचं. दिवस तोच.

"भाऊ, विमान आदल्या दिवशीचं घ्या," मी म्हणालो. "एक रात्र कोचीत काढू."

"कशाला? दुपारी तर पोचतोय."

"विमान लेट झालं तर?"

"होईल थोडं. जहाज काय लगेच सुटतं?"

मी त्यांना समजावलं की जहाज सुटायच्या कितीतरी आधी चढायचं दार बंद होतं. वैशालीनं समजावलं. माईसुद्धा म्हणाल्या, "ऐका ना त्यांचं." शेवटी भाऊंनी खरं कारण सांगितलं. त्यांना जहाजाला हार घालायचा होता. नवीन होडीत पहिला पाय ठेवायचा तर तिला ताजा हार चढवल्याशिवाय नाही, हे त्यांच्या बाबांनी शिकवलेलं. इथल्या होड्यांना नारळी पौर्णिमेला भाऊंच्या वाडीतलेच हार जात. एवढ्या मोठ्या जहाजात, तेही माईला घेऊन, रिकाम्या हातानं कसं चढायचं? आणि हार त्याच पहाटेचा हवा.

"कोचीत फुलं मिळतात, भाऊ."

"दुसऱ्याच्या वाडीतली," ते म्हणाले, आणि विषय संपला.

त्या दिवशी भाऊ अजिबात रेंगाळले नाहीत हेही सांगायला हवं. अंधारात तोड झाली, हार ओवून झाला, आम्ही वेळेत विमानतळावर पोचलो. केळीच्या पानातलं गाठोडं त्यांच्या मांडीवर. मग पाटीवर आमच्या विमानापुढं उशिराची वेळ आली. थोड्या वेळानं ती वेळ पुढं सरकली. पुन्हा सरकली. विचारलं तर सांगितलं, विमान दुसऱ्या गावाहूनच आलेलं नाही. मी येरझाऱ्या घालत होतो. माई पर्समधली थेंबांची बाटली उगाच काढत होत्या, परत ठेवत होत्या. भाऊ शांत. मला जवळ बोलावून म्हणाले, "जावईबापू, जहाजवाल्यांना फोन करून सांगा की भाऊ येतायत."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांना खरंच वाटत होतं की तेवढं सांगितलं की झालं. मी फोन केला, का केला कोण जाणे. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात दार बंद व्हायची वेळ सांगितली आणि शुभेच्छा दिल्या.

कोचीत उतरलो तेव्हा अजून थोडी आशा होती. टॅक्सीवाल्यानं गाडी पळवली, पण पुलावरच गर्दीत अडकली. धक्क्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा जहाज समोर उभं होतं, पांढरंशुभ्र, खिडक्यांच्या रांगाच रांगा. जिना मात्र काढलेला. फाटकावरच्या माणसानं मान हलवली. मी आवाज चढवला, वैशालीनं हात जोडले, माईंच्या डोळ्यांचे कागद दाखवले. तो वाईट वाटल्यासारखा उभा राहिला, पण फाटक उघडलं नाही. भाऊंनी गाठोडं सोडून त्याला हार दाखवला. "हा चढवू द्या तेवढा," असं ते मराठीतच म्हणाले. त्या माणसाला त्यातलं अक्षर कळलं नाही.

टॅक्सीवाल्याला दया आली असावी. तो आम्हाला फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. तिथून बाहेर जाणारी जहाजं अगदी जवळून दिसतात. आमचं जहाज खाडीच्या तोंडातून आलं आणि इतक्या जवळून गेलं की कठड्याशी उभी माणसं हात हलवताना दिसली. किनाऱ्यावरची पोरंही हात हलवत होती. माईंनी मान वळवत वळवत ते सगळं बघून घेतलं, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, कारण एका नजरेत त्यांना एवढं मोठं काही मावत नव्हतं.

"थांबायला पाहिजे होतं त्यांनी," भाऊ म्हणाले.

माई त्यांच्याकडे न बघता बोलल्या, "तुमच्यासाठी आजवर कुणी थांबलेलं नाही. लोक हारासाठी थांबायचे. या जहाजाला हार नको होता."

इतक्या वर्षांत मी माईंना असं बोलताना ऐकलं नव्हतं. भाऊंनी हार पाण्यात सोडला. लाटेनं तो परत आणून आमच्या चपलांशी टाकला. त्यांनी पुन्हा सोडला, पुन्हा आला. मी म्हणालो, "राहू द्या आता, भाऊ." माझ्या आवाजात जो राग होता तो मी लपवला नाही, आणि आजही मला तो चुकीचा वाटत नाही. एका पहाटेच्या फुलांसाठी त्यांनी माईंचं एकुलतं एक मागणं घालवलं होतं.

त्यानंतर पावसाळ्यात जहाजं बंद, मग डोळ्याची शस्त्रक्रिया, मग तपासण्या. थेंब वाढत गेले, नजर आक्रसत गेली. माई दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागल्या. भाऊ आता वाद घालत नसत. त्यांचं ते हसूही बंद झालं. मी मात्र मनातल्या मनात हिशेब मांडत राहायचो, तेव्हा गेलो असतो तर माईंना केवढं दिसलं असतं.

पुढच्या हंगामात भाऊंनी आपणहून तिकिटं काढली, विमान आदल्या दिवशीचं. तोड वाडीतल्या बायांवर सोपवली. हार घेतला नाही. कोचीच्या लॉजवर ते सकाळपासून बूट घालून पलंगाच्या कडेला बसले होते. मला दोनदा विचारलं, "निघायचं का?" धक्क्यावर आम्ही इतक्या लवकर पोचलो की फाटकही उघडलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जहाज मोकळ्या समुद्रात होतं. चारी बाजूंना पाणी, आणि खरोखर निळं. मी इतका निळा रंग पाहिला नव्हता. माई कठड्याला धरून उभ्या होत्या. वैशालीनं विचारलं, "दिसतंय का गं?"

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "ताटलीएवढं."

मी तिथून बाजूला झालो. मला कुणाला तरी ओरडायचं होतं, आणि ज्याला ओरडायचं तो माणूस माईंच्या मागं उभा होता. भाऊंनी माईंच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि त्यांना अगदी सावकाश वळवायला सुरुवात केली, थोडं उजवीकडे, थांबायचं, आणखी थोडं. माईंनी बोट वर केलं की ते थांबत. बोट खाली आलं की पुढं वळवत. जहाजावर जेवणाची घंटा झाली, लोक आत गेले. उन्हात ते दोघं तसेच. एक घास, मग दुसरा घास, असा तो समुद्र भाऊंनी माईंना दाखवला. मध्येच माई म्हणाल्या, "इथलं राहिलं." भाऊंनी त्यांना मागं वळवलं.

भाऊ गेल्याला आता दोन पावसाळे झाले. माईंना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. परवा शेजारची एक मुलगी आली होती, नुकतीच लक्षद्वीपला जाऊन आलेली. तिनं उत्साहानं विचारलं, "माई, तुम्ही पण गेला होतात ना? सगळा समुद्र बघितलात?"

 माई म्हणाल्या, "सगळा कुठला? ह्यांनी दाखवला तेवढा बघितला."